एकटा लोहार म्हणजे अर्धा कोयता?

सोयाबीन काढणीच्या तोंडावर विळ्यांची घाई असते. नेमका त्याच आठवड्यात एक मेसेज मला तीन जणांनी पाठवला. एकानं तर वर "तुझ्यासाठीच लिहिलंय" असं जोडलं होतं. मजकूर थोडक्यात असा: घण मारायला दुसरं माणूस मिळत नाही म्हणून लोहारकी संपली. ऐरणीवरचं काम दोघांचंच. जितका जड घण तितका पक्का माल. पूर्वी बायका घण मारायच्या, आताच्यांना कष्ट नकोत. साचे लावून केलेलं काम ही कारागिरीच नव्हे. आता रस्ते दोनच, कर्ज काढून पॉवर हॅमर घ्या नाहीतर भाता विका. खाली जोडलेले हात आणि 'सौ सुनार की, एक लुहार की'.

आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटाच निघाला तर तो 'अर्धा कोयता'. मुकादमाच्या वहीत तसाच हिशोब मांडतात आणि उचलही तशीच देतात. या मेसेजनं लोहारालाही त्याच वहीत बसवलंय. मी अंबाजोगाईच्या अलीकडं नऊ वर्षं एकटाच ऐरणीवर उभा आहे, म्हणून उत्तर देतो.

'ऐरणीवर दोघं लागतातच' इथून सुरू करू. दुसरं माणूस नेमकं करत काय होतं? आमच्या घरी आबा सांडशीत लोखंड धरून बसायचे आणि आई समोर उभी राहून घण मारायची. आबांच्या उजव्या हातात लहान हातोडा असायचा. तो जिथं टेकेल तिथं घण पडायचा, आणि तो ऐरणीवर रिकामा वाजला की आई थांबायची. तोंडानं एक शब्द नाही. फास, पास (वखर-कोळप्याची लोखंडी पाती) असलं जाड काम असलं की आईचं काम वजन पाडायचं. छिन्नीनं तोडायचं किंवा सुंब्यानं, म्हणजे भोक पाडायच्या टोकदार दांड्यानं, भोक पाडायचं असलं की काम बदलायचं. तेव्हा आबांच्या एका हातात सांडस, दुसऱ्यात छिन्नी, मग हातोडा धरणार कोण? तिथं आई म्हणजे तिसरा हात. मेसेजवाल्यानं या दोन गरजा एकाच पोत्यात भरल्यात. वजनाचा इलाज वेगळा आहे आणि तिसऱ्या हाताचा वेगळा.

आधी तिसरा हात. यात सगळ्यात जुनी आणि सोपी वस्तू म्हणजे उभी छिन्नी, जिची धार वर असते. विलायती घाटाच्या ऐरणीला एका टोकाला चौकोनी भोक असतं. त्यात छिन्नी, साचा, वाकवायचा काटा, जे हवं ते शेपूट घालून उभं करता येतं. आपल्याकडची गावठी ऐरण म्हणजे बहुधा ओंडक्यात रोवलेला नुसता ठोकळा, त्याला भोक कुठलं! पण त्यावाचून अडत नाही. मी ट्रकच्या कमानपाट्याच्या (चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीच्या) तुकड्याची छिन्नी घडवली, तिला खाली अणकुचीदार शेपूट ठेवलं आणि शेजारच्या बाभळीच्या ओंडक्यात ठोकून बसवली. तापलेला बार तिच्यावर आडवा ठेवायचा आणि वरून हातोडा मारायचा. पाव भाग उरला की थांबायचं, बार ऐरणीच्या कडेला नेऊन वाकवायचा, तो आपोआप मोडतो. आरपार तोडायला गेलं तर हातोड्याचं तोंड धारेवर आदळतं आणि दोन्ही वाया जातात. काम झालं की छिन्नी उपसून ठेवायची. पहिल्याच महिन्यात मी हे विसरलो आणि हातोडा मागं घेताना मनगट तिच्यावरून गेलं. चार टाके पडले. तेव्हापासून ओंडक्याच्या बाजूला तिच्यासाठी खिळा मारलाय.

दुसरी वस्तू साखळी. मोटरसायकलची जुनी चेन घ्यायची, एक टोक ऐरणीच्या पलीकडं ओंडक्याला पक्कं करायचं, मधला भाग ऐरणीवरून घ्यायचा आणि अलीकडच्या टोकाला पायटा लटकवायचा. पाय दाबला की चेन लोखंडाला ऐरणीवर दाबून धरते आणि दोन्ही हात मोकळे होतात. कोळप्याच्या पासेला बोल्टची भोकं पाडायची असली की हिची खरी किंमत कळते. पास पिवळीधमक तापवायची, साखळीखाली सारायची, सुंबा टेकवून चार-पाच घाव घालायचे. सुंबा लगेच पाण्यात बुडवायचा, नाहीतर त्याचंच टोक मऊ पडून भोकात अडकतं. आता पाय सोडून पास उलटी करायची. लाल लोखंडावर एक काळपट ठिपका दिसतो, कारण वरून सुंब्यानं दाबलेली जागा ऐरणीला टेकून आधी निवलेली असते. त्याच ठिपक्यावर सुंबा धरून पासेखालची जागा पोकळ ठेवली की दोन घावांत नाण्याएवढी चकती टप्पकन खाली पडते. हेच काम दोघांनी केलं तर 'इथं का तिथं' करता करता ताव उतरतो. ताव म्हणजे भट्टीतून काढल्यापासून लोखंड घडायच्या लायकीचं असेतोवरचा वेळ, आणि पातळ कामाला तो वीस-तीस सेकंदांवर नसतो.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. सांडशीच्या दांड्यांवर चढवायची कडी, म्हणजे मुठीत जीव आणून आवळत बसावं लागत नाही. जमिनीपर्यंत पाय असलेला वाईस, म्हणजे घाव टेबलाच्या बोल्टवर न बसता सरळ जमिनीत जातो. लांब सळईचं दुसरं टोक टेकवायला घोडी. आणि भाता ओढणारं माणूस तर आपण ब्लोअर आल्या दिवशीच विसरलो. तेव्हा 'लोहारकी संपली' असा मेसेज कुणी केला होता का?

आता वजन, म्हणजे 'जितका जड घण तितका पक्का माल'. माल पक्का होतो तो पोलाद, ताव आणि पाणी (तापलेलं लोखंड एकदम बुडवून कडक करणं) यांनी. घणाच्या वजनाचा त्यात काही वाटा नाही. उलट लोखंड मंद लाल होऊन निवत आलेलं असताना जड घण घातला तर आत तडा जातो आणि तो शेतात दिसतो. घणानं होतं ते एकच, लोखंड लवकर पसरतं. पण कोणत्या दिशेला? घणाचं तोंड सपाट असतं. ते लोखंड चारी बाजूंना ढकलतं, आणि आपल्याला तर बहुतेक वेळा लांबीच वाढवायची असते. मग आडवं पसरलेलं पुन्हा आत ठोका, पुन्हा तापवा, पुन्हा ठोका.

इथं चिमटा-साचा कामाला येतो. बोटाएवढ्या जाडीच्या गोल सळईचे वीतभर दोन तुकडे घ्यायचे, एकावर एक येतील असे धरायचे आणि मागून यू आकारात वाकवलेल्या पट्टीनं जोडायचे. पट्टी स्प्रिंगसारखी उघडमीट करते. तापलेला बार दोन सळयांच्या मध्ये धरायचा आणि वरच्या सळईवर हातोडा मारायचा. दोन पौंडी हातोड्याचं तोंड 25 मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर जेवढ्या जागेला टेकतं, त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढ्याच जागेवर गोल सळई पहिल्या घावाला टेकते. ताकद तीच, पण ती चिंचोळ्या जागेत घुसते आणि लोखंड आडवं न पसरता लांबीकडं सरकतं. पोळी सपाट थाळीनं दाबा आणि लाटण्यानं लाटा, फरक तोच. याचाच सुधारलेला भाऊ म्हणजे चौकट: दोन उभ्या पट्ट्यांच्या मध्ये खालचा साचा पक्का, वरचा सरकता. वरचा कधी वाकडा बसत नाही, त्यामुळं खुरप्याचं मुठीत जाणारं शेपूट जिथून बारीक होतं तो खांदा दहाच्या दहा नगांना एकाच ठिकाणी येतो.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. ज्या साच्याच्या डोक्यावर हातोडा पडतो ते डोकं कडक करू नका. कडक डोक्यावर कडक हातोडा पडला की कपची उडते आणि ती डोळाच शोधते. डोकं मऊ ठेवलं की त्याला फूल येतं, म्हणजे कडा बाहेर पसरतात, ते अधूनमधून घासून काढायचं.

आणि वजन हवंच असेल तर ते खाली हवं, ऐरणीत. पुष्कळ जण रुळाचा हातभर तुकडा आडवा टाकून ठोकत बसतात. तो नाचतो, आणि निम्मा घाव नाचण्यातच जातो. 52 किलोचा रूळ म्हणजे एका मीटरला 52 किलो. तोच मीटरभर तुकडा उभा गाडा, सगळं वजन घावाच्या थेट खाली येतं. तोंड तळहातापेक्षा लहान मिळतं, पण विळ्या-खुरप्याला पुरतं. मात्र रूळ पावतीनंच घ्या. रेल्वेचा माल बेकायदा जवळ ठेवण्याविरुद्ध 1966 चा कायदा आहे आणि 'भंगारात मिळाला' हे उत्तर तिथं चालत नाही.

बायकांबद्दलच्या ओळीनं मात्र मला राग आला. रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांकडं पाहा, आजही घण बाईच्याच हातात दिसेल, कधी शेजारी झोळीत लेकरू. आमच्याकडंही तेच होतं. मृगाच्या आधीचे पंधरा दिवस अख्खं गाव फास आणि पास पाजवायला आणायचं आणि आई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आठ पौंडी घण उचलायची. आज तिचा उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. वेणी वहिनी घालते. वहीत तिचं नाव कधी आलं नाही. गिऱ्हाईक पैसे आबांच्या हातात द्यायचं आणि धान्य असलं की तेही "लोहाराचं" म्हणूनच मोजायचं. मी पहिला चिमटा-साचा केला तेव्हा ती ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "हे तव्हाच कामून नाही केलंस रं?" मी तेव्हा सहावीत होतो, पण ते मी बोललो नाही. आताच्या बायकांना घण नको असेल तर त्यांचं बरोबर आहे.

'साचे लावले की कारागिरी गेली' हा मुद्दा चवीनं पुढं ढकलला जातो, म्हणून एक कोयता शेवटापर्यंत नेऊन दाखवतो. साच्यानं पाटा लांबवला, चौकटीनं शेपूट काढलं. पुढं काय? पाठ किती जाड ठेवायची आणि पोट कुठून उतरवायचं हे साच्याला माहीत नसतं. मग पाणी देणं. म्हणायचं पाणी, पण कमानपाट्याला पाणी दिलं तर तडकण्याचा धोका असतो, तो तेलात बुडवावा लागतो. बुडवायची वेळ चुंबकावर बघता येते. साधारण 770 अंशांना लोखंड चुंबकाला धरायचं सोडतं, त्याच्या थोडं वर गेलं की बुडवायचं. नंतर धार विटेनं घासून पांढरी करायची आणि पाठीकडून हळूहळू ऊब द्यायची. आधी गवताळ पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग 280 अंशांच्या आसपास जांभळा, त्याच्यापुढं निळा. कोयत्याला मी जांभळ्यावर थांबतो. पिवळ्यावर थांबलं तर धार उसाच्या कांड्यावर तुटते, निळ्याच्या पुढं गेलं तर ती वळते. हा रंग सेकंदाच्या हिशोबानं पळतो. इथं घण मारणारी दहा माणसं उभी केली तरी उपयोग शून्य. 'एक लुहार की' म्हणतात ती ही.

शिवाय साचे काही काल जन्मलेले नाहीत. इंग्लंडच्या मधल्या भागात हातानं खिळे घडवणारे लोहार पायानं दाबायचा घण वापरायचे, त्याला ऑलिव्हर म्हणत. दांडा पायानं खाली, लवचिक लाकडानं परत वर. त्यांना कुणी अर्धे लोहार म्हटलं नाही.

त्या पायाच्या घणावरूनच पॉवर हॅमरकडं येतो. हॅमर वाईट नाही. ज्याला दिवसाला शे-दोनशे नग काढायचेत, त्यानं जरूर घ्यावा. पण त्याला मोटर, बहुधा थ्री फेज, पाया, आणि मुख्य म्हणजे रोज तेवढं काम लागतं. माझ्याकडं विळ्यांचा हंगाम, कोयत्यांचा हंगाम आणि मृगाआधीचा हंगाम असे तीन भरतीचे काळ, मधे ओहोटी. हप्ता ओहोटीतही भरावाच लागतो. हॅमर आणि भाता विकणं या दोन्हींच्या मधे पायाचा घण आहे: 25-30 किलोचं डोकं, वर ओढून धरायला स्प्रिंग, खाली पायटा. वीज लागत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. वेल्डिंग येणारा माणूस भंगारातून तो उभा करू शकतो. 17 सप्टेंबर 2023 ला, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाच, सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत लोहार आहे आणि अवजारांसाठी 15 हजारांची तरतूद आहे. वाईस, सांडशा आणि हातोडे यांपासून सुरुवात करायला ती रक्कम बरी आहे. कर्जाचं नंतर बघू.

मेसेजमधलं एक मात्र मान्य. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची असली की एकट्याचं काम नाही. गोवऱ्यांच्या जाळात अख्खी कडी लाल करायची, ती चार सांडशांनी चौघांनी एकदम उचलायची, चाकावर बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. गेल्या चैत्रात अशी एक गाडी आली होती. मी गल्लीत हाक मारली, चौघं आले. पाण्याची घागर आईनं डाव्या हातानं ओतली.