मुलांना वाचण्यापासून कसं वाचवाल?

गुरुजी, बाई, अभिनंदन. सिंधुदुर्गात खाडीपलीकडच्या वाडीत तुमची नेमणूक झाली आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. 60 च्या पटापर्यंत कायदा दोनच शिक्षक देतो आणि तुमचा पट तर विशीच्या आत, तेव्हा कुरकुर नको. दुसरे गुरुजी आज बैठकीला गेलेत, उद्या मतदारयादीला जातील. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 काढून बसू नका. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला जुंपू नये असं त्यात लिहिलंय, पण यादी म्हणजे निवडणूकच, आणि ती बारमाही पीक आहे. एवढं सगळं उरकूनही दिवसाकाठी थोडा वेळ शिकवायला उरतो. धोका तिथेच आहे. तेवढ्या वेळातसुद्धा पोरं वाचायला शिकू शकतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून सावध राहा. भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता हा तुमचा भरवशाचा गडी. ई ईडलिंबूचा, ऋ ऋषीचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा. समोरच्या पोराने एडका पाहिलेला नाही. ऐरण तुम्हीही पाहिलेली नसेल. छान! ओळ मात्र चुकवायची नाही, ज्ञ येईपर्यंत एकही शब्द वाचू द्यायचा नाही. काही उचापती शिक्षक न, र, ळ, म, स आणि एक काना एवढ्यावरच सुरुवात करतात. मग आठवड्या-दोन आठवड्यांत पोर नारळ, मासा, रान, माळ, सरळ असं वाचत सुटतं. रात्री परसात धप्पकन पडलेला नारळ सकाळी फळ्यावर दिसला की त्याला संशय येतो, या आकड्या-वेलांट्यांचा आपल्या घराशी काही संबंध असावा. हा संशय एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

वाचन सामुदायिक घ्या. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी मागून ओढायचं. क काना काऽऽ, वऽऽ, ळ काना ळाऽऽ. मग विचारा, काय वाचलंस? पोर आत्मविश्वासाने सांगतं, ‘ळा.’ कारण शेवटच्या अक्षराला पोचेपर्यंत पहिलं डोक्यातून ओघळून गेलेलं असतं. खिडकीत बसलेला कावळा त्याला ओळखता येतो, फळ्यावरचा नाही. सूर मात्र रस्त्यापर्यंत ऐकू जातो आणि पालकांना शाळा जोरात चालल्याची खात्री पटते.

आता भाषेकडे वळू, कारण खरी कामगिरी इथे आहे. सहा वर्षांचं पोर वर्गात येतं तेव्हा गप्प नसतं. ते दारातूनच सांगतं, ‘बाई, माझो बापूस रापणीक गेलो हा.’ (रापण म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी.) कर्ता, क्रियापद, विभक्ती, सगळं जागच्या जागी, कोणी न शिकवता. ताबडतोब थांबवा. ‘माझे वडील रापणीला गेले आहेत’ असं दहा वेळा म्हणायला लावा. मुलगा ‘मी येतंय’ म्हणाला तर लिंग चुकलं म्हणून वर्गाला हसवा. त्याच्या घरी बाप आणि आई दोघंही ‘मी येतंय’ म्हणतात आणि आजवर कोणाचा घोटाळा झालेला नाही, हा मुद्दा इथे गैरलागू. मालवणीतून प्रमाण मराठीकडे पूल बांधता येतो, घरचं वाक्य आणि पुस्तकातलं वाक्य फळ्यावर शेजारी शेजारी लिहून फरक पोरांनाच शोधायला लावता येतो, वगैरे गोष्टी प्रशिक्षणात सांगतात. पण प्रशिक्षणात जेवणही चांगलं असतं, सगळं मनावर घ्यायचं नसतं. महिन्याभरात पोर बोलायचं बंद झालं की वर्गाला शिस्त लागली असं समजा.

शब्दसंपत्तीचं म्हणाल, तर दिवाळीनंतरचा काळ कठीण. गावोगाव जत्रा, रात्रभर दशावतार. त्या नाटकाला लेखी संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतात, तेही भरजरी संस्कृतप्रचुर मराठीत. समोर मालवणी बोलणारी पोरं डोळे ताणून सगळं पितात. दुसऱ्या दिवशी तेच पोर मधल्या सुट्टीत काठी उगारून ओरडतं, ‘हे अधमा, या घोर अरण्यात माझ्या भार्येचं हरण करतोस?’ बघा, एका वाक्यात किती शब्द, सगळे अर्थासह, शिवाय अभिनय. अशा वेळी खचू नका. त्याला बाकावर उभं करा, जागरणाबद्दल बोला आणि समानार्थी शब्द पाठ करायला द्या. अरण्य म्हणजे वन, रान, कानन, विपिन. विपिनपर्यंत आला की भूत उतरतं.

व्याकरण म्हणजे व्याख्या. नामाऐवजी येणाऱ्या शब्दाला सर्वनाम म्हणतात. पोरं दिवसभर सर्वनामांनीच भांडत असतात, तिकडे कान देऊ नका. लेखनात लाल शाई उदार हाताने वापरा. एका मुलीने रापणीवर पानभर लिहिलं, दोर कोण धरतं, जाळं ओढताना माणसं काय म्हणतात, वाटा कसा पडतो. सगळ्या वेलांट्या उलट्या. पान लाल करून परत द्या. पुढच्या वेळी ती लिहील, ‘मासा पाण्यात राहतो. मासा मला आवडतो.’ शून्य चुका. पैकीच्या पैकी गुण द्या, आणि शुद्धलेखन सुधारलं असा शेराही मारा.

गोष्टीच्या पुस्तकांची भीती बाळगू नका, ती कपाटात असतात आणि किल्ली बैठकीला गेलेली असते. कोकणच्या हवेत पुस्तक हाताळलं तर फाटतं, न हाताळलं तर बुरशी धरते. फाटलं तर जबाबदारी तुमची. बुरशी नैसर्गिक. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पुस्तकं काढा, उंचीप्रमाणे मुलं बसवा, फोटो गटावर टाका आणि कपाट लावून घ्या.

निपुण भारत अभियानाचंही तसंच. 5 जुलै 2021 ला ते सुरू झालं, 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावं हे त्याचं उद्दिष्ट. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द वाचायचे. त्यात ‘अर्थ समजून’ असं एक लचांड जोडलेलं आहे. ते मोबाइलच्या घड्याळात मोजता येत नाही, म्हणून सोडून द्या. 60 शब्द भरले की टिक करा.

इतकं करूनही एखादं पोर निसटतंच. लक्षणं ओळखा: ते मनात वाचतं, एकटंच हसतं, पाठ संपल्यावर ‘मगे काय झाला?’ विचारतं. घाबरू नका, उपाय आहे. त्याला शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसवा आणि सराव प्रश्नसंच द्या. उताऱ्याखालचे प्रश्न आधी बघायचे, त्यातला ठळक शब्द वर शोधायचा, त्याच ओळीतून उत्तर उचलायचं, हे नीट घोटून घ्या. तेवढं जमलं की उतारा वाचावा लागत नाही.