गाय, गाय, गवत, गाय

2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेची गिनीज बुकात नोंद झाली. 26,838 ठिकाणी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले होते आणि फोटो आले साधारण 3 कोटी 48 लाख. त्यांत वाघाचे 76,651, बिबट्याचे 51,777. हे आकडे वाचून लोक वाघाचं कौतुक करतात. माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न येतो: उरलेल्या जवळजवळ साडेतीन कोटी फोटोंत काय होतं?

मी सांगू शकते. कारण सध्या मी तेच बघते.

वाघ मोजायचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी आहे, तिचं ऑफिस चंद्रपुरात. पुण्याहून निघताना डोळ्यांसमोर ताडोबा होतं; पोचल्यावर पुढ्यात आला लॅपटॉप आणि मेमरी कार्डांनी भरलेला बर्फीचा रिकामा डबा. बाजूला कूलर, जो हवेपेक्षा आवाज जास्त देतो. काम सोपं: कार्ड उघडायचं, एकेक फोटो बघायचा आणि एक्सेलमध्ये प्राण्याचं नाव लिहायचं. गाय. गाय. गवत. गाय. गवत कशाला, असं मीही विचारलं होतं. तर कॅमेऱ्याला कळते फक्त हलती उष्णता. चंद्रपूरच्या उन्हात तापलेलं गवत वाऱ्यावर डुललं, की त्याला वाटतं कोणीतरी आलं, आणि तो बिचारा भराभर फोटो काढत सुटतो. एका दुपारी एकाच गवताने माझी पाचशेच्या वर फोटोंची करमणूक केली.

मध्येच वानराचं नाक येतं. पूर्ण पडदाभर, ओलं, प्रत्येक केस मोजता येईल असं. गावातले एक आजोबा रोज बैलांमागून जाताना कॅमेऱ्याला रीतसर नमस्कार करतात. त्यांच्यापुरता मी एक्सेलमध्ये स्वतंत्र रंग ठेवला आहे. संस्थेला त्याचा काही उपयोग नाही. रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत पाठमोरी गाय आणि पाठमोरा रानगवा यांत माझी फार ओढाताण व्हायची. आमच्या सीनियरने एका वाक्यात प्रश्न मिटवला: "पाय बघ. गव्याचे पांढरे मोजे." तेव्हापासून मी जनावराचे आधी पाय बघते. परवा बँकेत रांगेतल्या माणसांचेही बघितले.

फोटोंपेक्षा अवघड प्रकरण म्हणजे हिशेब. वाघ मोजायची शास्त्रीय पद्धत आहे, चहा मोजायची नाही. ताडोबाजवळच्या मोहर्लीच्या बाजूला फिल्डवर गेलो, की सकाळी टपरीवर चहा होतो. अकाउंट्सवाल्या काकांना त्याचं पक्कं बिल लागतं. टपरीवाल्याकडे बिलबुक नाही, आहे ती वही, आणि तीत अर्ध्या गावाची उधारी. शेवटी त्याने वहीचं पान फाडून 'चहा मिळाला' असं लिहून दिलं. काकांनी ते उजेडात धरलं, उलटून बघितलं आणि म्हणाले, "हे तू त्याला लिहून द्यायला हवं होतंस." चुकीचं काहीच नव्हतं त्यांचं.

फिल्ड म्हणजे तरी काय, तर उभ्याने केलेली कारकुनी. पहाटे निघायचं, 2 किलोमीटरची आखलेली वाट चालायची, दिसेल त्या चितळाचं अंतर आणि कोन लिहायचा. दर 400 मीटरवर थांबून पुन्हा फॉर्म भरायचा: झाडं किती, झुडपं किती, डोक्यावर पानांची सावली किती टक्के. मग 20 मीटर लांब, 2 मीटर रुंद पट्ट्यात उकिडवं बसून लेंड्या मोजायच्या. पट्टा वाट्याला नेमका चितळांच्या आवडत्या जागी येतो. सोबतचे वनरक्षक भाऊ खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटत उभे असतात आणि न वाकता निकाल देतात.

"ते चितळाची हाय जी, मॅडम. सांबराची मोठी रायते."

"भाऊ, मग तुम्हीच मोजता का?"

"आमाले नाही जमत जी. तुमी शिकलेल्या."

घरी आल्यावर कंबरेपाशी खाज सुटते. तीळ असेल म्हणून बघावं, तर तिळाला आठ पाय. गोचीड. ऑफिसात या गोष्टीवर कुणी हळहळत नाही. "किती?" एवढंच विचारतात, आणि आपला आकडा मोठा असेल तर मान जरा ताठ होते.

पण खरी परीक्षा कॅमेरा लावताना. वाघ ओळखायचा पट्ट्यांवरून, आणि त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, साधारण माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर. लोखंडी पेटी, साखळी, कुलूप. हे झालं, की वाघ आल्यावर फोटो निघेल का ते तपासायचं. वाघ त्या वेळी रिकामा नसतो. मग कोणीतरी त्याच्या जागी चार पायांवर चालून दाखवायचं. 'कोणीतरी' कोण, हे माझ्या नेमणूक पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

परवा दिवस मावळताना मी अशीच रांगत होते. सीनियर ओरडतोय, "हळू, हळू! वाघ एवढा घाईत नसतो!" तेवढ्यात सफारीहून परतणारी जिप्सी वळणावरून आली. त्यांना तासाभरात वाघीण दिसली होती, पिल्लांसकट. चेहऱ्यांवर ते तेज होतं. मला अजून शेपूटही दिसलेलं नाही. जिप्सीतल्या पोराने विचारलं, "पप्पा, ते काय आहे?" गाइड शांतपणे म्हणाला, "काम चालू हाय जी." आणि बापाने माझाही एक फोटो काढून घेतला.

त्या कॅमेऱ्याचं कार्ड काल ऑफिसात आलं. आता पहिली चाळणी संगणक करतो, स्वतःच प्राणी ओळखतो आणि शेजारी आपली खात्री टक्क्यांत लिहितो. अंधारलेल्या फोटोत मी, गुडघ्यांवर, केस तोंडावर आलेले. खाली लिहिलं होतं: अस्वल, 91 टक्के. मी 'मनुष्य' अशी दुरुस्ती करायच्या आत सीनियरने फोटो ग्रुपवर टाकला, आणि तिथून तो मी घरच्या ग्रुपवर टाकला, निदान काहीतरी दिसलं म्हणून. काकाने विचारलं, "वाघ कुठाय?" आईचं उत्तर जरा वेळाने आलं.

"तिकडे कंगवा मिळत नाही का?"