‘ड्रिल चुकवा, बाथरूममध्ये बसा’ सांगणाऱ्या त्या क्रूझच्या फॉरवर्डला उत्तर

आमची मावशी इंदिरानगरला राहते. भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चौथा मजला चढेल पण बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही, बंद जागेत तिचा जीव गुदमरतो, लहानपणापासूनच आहे ते. तिच्या भिशीच्या बायकांनी यंदा मुंबईहून गोव्याची क्रूझ ठरवली आणि ही चक्क हो म्हणाली, आम्ही सगळे खूश. आणि मग तिच्या ग्रुपवर तो ‘क्रूझला जाणाऱ्यांनो सावधान, बंद जागेची भीती असेल तर नक्की वाचा’ वाला फॉरवर्ड आला. तुमच्याकडेही आला असेलच, नाशकातल्या माझ्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, खाली हात जोडलेले आणि वर बोटीचा फोटो. मावशीचा लगेच मला मेसेज, ‘मी ड्रिलला जाणार नाही, बाथरूममध्ये बसून राहीन, यात लिहिलंय तसं.’

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉरवर्ड म्हणतो की बोट सुटताना जी सेफ्टी ड्रिल होते, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याचा सराव, ती नुसती दाखवायला असते, कोणी मोजत नाही, तेव्हा केबिनच्या बाथरूममध्ये लपून बसा. ड्रिलमध्ये लोकांना लाईफबोटीत कोंबून दार बंद करतात आणि पाण्यात सोडतात. जायचंच असेल तर आधी टेन्शनची अर्धी गोळी घ्या, मेडिकलवाला देतो. घुसमटलं तर कागदी पिशवीत श्वास घ्या. तरी थांबलं नाही तर पळत सुटा नाहीतर बेशुद्ध पडाल. आणि लाईफ जॅकेट घालू नका, गळा आवळतो.

पहिल्यांदा बाथरूमचंच घेऊ कारण ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. बंद जागेची भीती आहे म्हणून माणसाने लपायचं कुठे, तर पूर्ण बोटीवरच्या सगळ्यात छोट्या, बिनखिडकीच्या खोपट्यात, दाराला कडी लावून! क्रूझच्या केबिनचं बाथरूम ज्याने बघितलंय त्याला माहितीये, साबण पडला तर वाकायची पंचाईत. बरं तिथे बसून ड्रिलचा भोंगा ऐकू येणारच, सात वेळा आखूड आणि एकदा लांब, कारण तो ऐकू यावा म्हणूनच वाजवतात. म्हणजे तुम्ही एकट्या, कोंडलेल्या, बाहेर काय चाललंय पत्ता नाही आणि डोक्यावर भोंगा. भीती वाढवायची याहून चांगली सोय कोणी करून देणार नाही.

आता ‘नुसती दाखवायला असते, कोणी मोजत नाही’. मोजतात हो. बोटीवर मिळालेलं कार्ड स्कॅन होतं किंवा यादीवर टिक होते, जो आला नाही त्याच्या नावाने पुकारा होतो आणि तरी आला नाही तर त्याला बोटीवरून उतरवण्याचा अधिकार कॅप्टनला असतो. आणि एवढं कडक का केलंय ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पाच मिनिटं शोधलं असतं तरी सापडलं असतं. जहाजांच्या सुरक्षेचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, सोलास म्हणतात त्याला. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये पहिला झाला, सध्याचा १९७४चा, त्यात सुधारणा होत राहतात. त्यातल्या तिसऱ्या प्रकरणाच्या १९व्या नियमात हे ड्रिलचं आहे. आधी नियम असा होता की प्रवासी चढल्यापासून २४ तासांत ड्रिल घ्या. मग १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीत जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया नावाची क्रूझ खडकाला घासली आणि आडवी झाली. बोटीवर ४,२००च्या वर माणसं होती, ३२ गेली. बोटीवरचे सहाशेच्या वर प्रवासी त्याच संध्याकाळी चिविताव्हेकिया बंदरात चढले होते आणि त्यांची ड्रिल दुसऱ्या दिवशी होती. नियमात बसत होतं सगळं! त्या अंधारात, कलंडलेल्या बोटीत त्या लोकांना जायचं कुठे हेच कोणी दाखवलेलं नव्हतं. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या लगेच ड्रिल सक्तीची झाली. तर ही ‘फॉर्मॅलिटी’ एवढ्या महागात पडून आलेली आहे भो, ती बाथरूममध्ये बसून चुकवायची गोष्ट नाही.

आणि बंद जागेची भीती असणाऱ्याला तर ड्रिल बाकीच्यांपेक्षा जास्त कामाची आहे. या भीतीत निम्मा त्रास असतो तो ‘मला इथून बाहेर पडता येईल का’ याचा. ड्रिल म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर, कुठला जिना, कुठला डेक, कुठलं दार, उजेड असताना आणि बोट शांत उभी असताना पायाखाली घालून घ्यायचं. पंचवटीत सीता गुंफेला मावशी कित्येक वर्षं बाहेरच चपला सांभाळत बसायची. मग एकदा पुजाऱ्यांनी सांगितलं की अशा अशा पायऱ्या, इथे बसून सरकायचं, तिकडून बाहेर, आणि गर्दी ओसरल्यावर गेली की ती. रस्ता माहीत झाला एवढंच.

लाईफबोटीत कोंबून पाण्यात सोडतात हे सरळ खोटं आहे. प्रवाशांच्या ड्रिलमध्ये लाईफबोटीत कोणाला बसवत नाहीत. तुमचं जे मस्टर स्टेशन असतं, म्हणजे संकटात जमायची जागा, तिथपर्यंत जायचं, जॅकेट कसं घालायचं ते बघायचं, सूचना ऐकायच्या, संपलं. ही जागा कधी उघड्या डेकवर असते कधी आतल्या थिएटरमध्ये किंवा रेस्टॉरंटमध्ये. फॉरवर्डसोबत जो पाण्यात उतरणाऱ्या केशरी बोटीचा व्हिडिओ फिरतोय तो स्टाफच्या सरावाचा असणार, कारण त्याच सोलासप्रमाणे प्रत्येक लाईफबोट दर तीन महिन्यांतून निदान एकदा पाण्यात उतरवून तिच्या खलाशांनी चालवून बघावी लागते. त्यात प्रवासी नसतात.

एक मात्र कबूल करावं लागेल, मनात नसलं तरी. जुन्या पद्धतीची ड्रिल खरंच त्रासदायक होती आणि काही बोटींवर अजूनही तशीच होते. सगळ्यांना एकाच वेळी बोलवायचं, रांगेत खांद्याला खांदा लावून उभं करायचं, वरून ऊन, कधी अंगात जॅकेट, आणि शेवटचा माणूस उगवेपर्यंत सगळे तसेच ताटकळत. ज्याला गर्दीत गुदमरतं त्याला घाम फुटणारच, ते नाटक नसतं. पण २०२० मध्ये कोविडच्या काळात काही मोठ्या कंपन्यांनी पद्धत बदलली, सेफ्टीचा व्हिडिओ मोबाईलवर किंवा केबिनच्या टीव्हीवर बघायचा, मग दिलेल्या वेळात आपल्या सोयीने मस्टर स्टेशनला जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं. काही मिनिटांचं काम. आपल्या बोटीवर कुठली पद्धत आहे ते बुकिंग करतानाच विचारा ना, फॉरवर्ड वाचण्यापेक्षा. नवी पद्धत असेल तर बोटीवर चढल्या चढल्या, गर्दी व्हायच्या आधी उरकून टाका. जुनी असेल तर रिसेप्शनवर आधी जाऊन सांगायचं की मला बंद जागेत त्रास होतो, मला कडेला किंवा दाराजवळ उभं करा. यात लाज कसली? गुडघ्याचं दुखणं आपण भाजीवाल्याला पण सांगतो आणि हे मात्र लपवायचं. वर जाताना लिफ्ट नको, जिनाच घ्या, तसंही संकटात लिफ्ट वापरायची नसते, म्हणजे मावशी याबाबतीत सगळ्या भिशीच्या पुढे आहे!

आता गोळी. इथे मला खरा राग आलाय. फॉरवर्डमध्ये नाव दिलंय अल्प्राझोलमचं आणि पुढे ‘मेडिकलवाला देतो’. देत असेल तर तो गुन्हा करतोय. ती शेड्यूल एच-वन मधली गोळी आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची असा कायदा आहे. उगाच आहे का तो? या गोळीने गुंगी येते, तोल जातो, वय झालेल्या माणसाला तर जास्तच, आणि हलणाऱ्या बोटीवर जिन्यात तोल गेला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. त्यात बोट लागू नये म्हणून अर्धी पब्लिक अ‍ॅव्होमिन घेऊन बसलेली असते, त्याने पण झोप येते. आणि वरून क्रूझ म्हटल्यावर कोणीतरी ग्लास हातात देतंच, या गोळीवर दारू म्हणजे श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अजून एक गंमत, या जातीच्या गोळ्यांनी घेतल्यानंतरचं नीट लक्षात राहत नाही. म्हणजे ड्रिलला गेलात, सगळं ऐकलंत आणि संध्याकाळी आठवत नाही की आपलं दार कुठलं. मग गेलात कशाला? ज्यांना डॉक्टरने खरंच लिहून दिलीये त्यांनी त्याच डॉक्टरला प्रवासाचं सांगून विचारा. ज्यांना नाही त्यांनी शेजारणीच्या पर्समधली घेऊ नका, बस्स.

कागदी पिशवीचं पटकन सांगतो. जुना उपाय आहे, सिनेमात पण दाखवतात, पण डॉक्टर आता करू नका म्हणतात, कारण पिशवीतला ऑक्सिजन कमी होत जातो आणि समोरच्याला दमा किंवा हार्टचा त्रास असेल आणि आपण ‘टेन्शन आहे’ समजून पिशवी धरली तर जिवावर बेतू शकतं. त्याऐवजी श्वास हळू सोडायचा, आत घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून, आणि हे घरी सोफ्यावर बसून आधी जमवायचं, भोंगा वाजल्यावर शिकायचं नाही.

‘बेशुद्ध पडाल’ पण चुकीचं. पॅनिकमध्ये, म्हणजे भीतीचा झटका आला की, छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आता मरतो की काय वाटतं, पण बीपी सहसा वाढलेलं असतं आणि चक्कर येऊन पडायला ते खाली यावं लागतं. भीतीची लाट साधारण दहाएक मिनिटांत टोकाला जाऊन उतरायला लागते. पळत सुटलात तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण डोकं हेच शिकतं की पळालो म्हणून वाचलो, पुढच्या वेळी भीती दुप्पट. मात्र छातीत कळ पहिल्यांदाच आली असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर ‘पॅनिकच असेल’ म्हणून अंगावर काढू नका, बोटीवर डॉक्टर असतो, त्याला बोलवा.

राहिलं जॅकेट. पट्टा ओढला तर काहीही आवळेल, कमरेचा बेल्ट पण. बऱ्याच ड्रिलमध्ये प्रवाशांना ते घालायला पण लावत नाहीत, स्टाफच घालून दाखवतो. केबिनच्या कपाटात असेल तर पहिल्याच दिवशी दार उघडं ठेवून निवांत घालून काढून बघा, कुठली क्लिप कुठे लागते ते हाताला कळू दे. केबिनमध्ये नसेल तर मस्टर स्टेशनवर ठेवलेलं असतं, कार्ड स्कॅन करायला जाल तेव्हा तिथल्या पोराला सांगा, मला एकदा घालून बघायचंय.