ती तुटक रेषा कुठून येते?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. एका ओळखीच्या घरी नववीतला मुलगा भूमितीचं पुस्तक उघडून बसला होता. आकृतीवर बोट ठेवून त्यानं आईला विचारलं, "पण इथे ही तुटक रेषा काढायची, हे सुचलं कसं?" आई म्हणाली, "सुचायचंय काय त्यात? पाठ कर आणि लिहून ये. मार्क मिळाल्याशी कारण."

अहो, अख्ख्या भूमितीतला सगळ्यात सुंदर प्रश्न विचारला होता त्या पोरानं!

आमच्या बाईंनी एकदा फळ्यावर नुसता त्रिकोण काढला, "तिन्ही कोन मिळून १८० अंश, दाखवा" म्हणाल्या आणि खडू टेबलावर ठेवून गप्प उभ्या राहिल्या. बराच वेळ. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिनं वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा ओढली. बस्स. खालचा डावा कोन वर आला, उजवाही वर आला, मधला तिथे होताच. तिन्ही मिळून एक सरळ रेषा. माझ्या अंगावर काटा आला होता. त्या दिवसापासून भूमिती माझी झाली.

पक्ष, साध्य, सिद्धता हे सगळं नंतरचं. खरी मजा 'रचना' या ओळीत आहे. आकृतीत नसलेली रेषा तुम्ही काढता आणि अडलेलं सगळं सुटतं.

एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानानं इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात पृथ्वीचा घेर काढला, तो याच जोरावर. इजिप्तमधल्या सायीनी गावात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, त्याच वेळी अलेक्झांड्रियात किरण उभ्या रेषेपासून सुमारे ७.२ अंश कललेले. त्यानं दोन्ही उभ्या रेषा मनातल्या मनात पृथ्वीच्या केंद्रापर्यंत नेल्या. किरण समांतर, म्हणून व्युत्क्रम कोन (समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या दोन बाजूंचे आतले कोन) सारखे, म्हणून केंद्रातला कोनही तेवढाच. वर्तुळाचा पन्नासावा भाग! दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास, झाला घेर. त्या मुलीनं फळ्यावर वापरले तेच व्युत्क्रम कोन.

आणि जेम्स गारफिल्ड, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांनी १८७६ साली पायथागोरसच्या प्रमेयाची स्वतःची सिद्धता छापून आणली. दोन एकरूप काटकोन त्रिकोण एका रेषेवर टेकवले, वरची टोकं जोडली, समलंब चौकोन तयार. क्षेत्रफळ दोन तऱ्हांनी काढा, प्रमेय हातात. राजकारणातल्या माणसाला हे करावंसं वाटलं, आणि आपण पोरांना म्हणतो पाठ कर!

मार्क लागतात, मान्य. पेपरात वेळ कमी असतो, तेही मान्य. त्या आईचाही राग नाही आता. तिच्यासमोर कुणी खडू ठेवून थांबलंच नसेल.

तुमच्या घरात त्या वयाचं कुणी असेल तर एवढंच करा. अर्धवर्तुळ काढून द्या, व्यासाची दोन्ही टोकं कमानीवरच्या कुठल्याही एका बिंदूला जोडा आणि विचारा, हा कोन कायम काटकोनच का? फार अडलं तर केंद्राकडे बोट दाखवा. रेषा मात्र त्यांना काढू द्या.