साडेतीन फेऱ्या

गेल्या महिन्यात मी रोज थोडं चालून, डायलिसिसच्या रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे पैसे मागितले. काहींनी लगेच दिले, काहींनी मेसेज वाचून गप्प बसणं पसंत केलं, दोघा-तिघांनी बहुतेक मला म्यूट केलं. सगळ्यांनाच हिशोब देणं लागते, म्हणून ही लांबलचक पोस्ट. मधे मधे चिडचिड येईल, चालवून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. वय ४७, दादरला राहते, बँकेत नोकरी. चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं निघालं. त्याआधी लघवीला फेस यायचा, संध्याकाळी पाय सुजायचे. मला वाटायचं, दिवसभर काउंटरवर बसून होत असेल. रक्तदाब किती वर्षं वर होता देव जाणे, कधी मोजलाच नव्हता. सध्या क्रिएटिनिन २.१, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) २८. हा आकडा १५ ते २९ मध्ये असला की किडनीच्या आजाराची चौथी स्टेज. १५ च्या खाली गेला की पाचवी, आणि तिथे डायलिसिस, ट्रान्सप्लांट हे शब्द घरात मोठ्याने बोलावे लागतात. आमच्या घरात अजून हळू आवाजात बोलतात.

"पण तू आजारी दिसत नाहीस गं" हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. किडनी तक्रार करतच नाही, हीच तिची खोड.

तर हे चालण्याचं खूळ कुठून आलं? ओपीडीच्या बाकावरून. तिथे एक ताई भेटल्या. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. कसाऱ्याजवळच्या गावातून येतात. पहाटे गावातून जीप, कसाऱ्याहून लोकल, पुढे परळपर्यंत धक्के खात. कसारा ते सीएसएमटी म्हणजे साधारण १२० किलोमीटर, मध्य रेल्वेच्या लोकलचं त्या बाजूचं शेवटचं टोक. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास मशीनवर, आणि मग तोच रस्ता उलटा. डायलिसिसनंतर बीपी पडतं, पिंढऱ्यांत गोळे येतात, आणि तेव्हा नेमकी संध्याकाळची गर्दी असते. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) आहे. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, सुई टोचायची नाही, जड पिशवी लटकवायची नाही. कसारा लोकलमध्ये चढताना हे सगळं कोणाला सांगणार? त्या पदर हातावर गुंडाळतात आणि उजव्या हाताने कडी धरतात. मी विचारलं, बसायला मिळतं का? म्हणाल्या, "कल्याणनंतर मिळतं कधीकधी. मिळालं की देव पावला."

आता यात एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मलाही ती तोवर कळली नव्हती. डायलिसिसचे पैसे त्यांना भरावे लागत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, शिवाय मुंबईत लालबागच्या राजाचं मंडळ, सिद्धिविनायक न्यास अशांची डायलिसिस केंद्रं आहेत. पुष्कळ काम झालंय, आणि ते कौतुकाचंच आहे. पण मशीन फुकट झालं तरी मशीनपर्यंतची वाट फुकट होत नाही. रेल्वेचा पास त्यातल्या त्यात स्वस्त. गावातली जीप, स्टेशनपासूनची टॅक्सी, बाहेरून आणायला सांगितलेलं इंजेक्शन, आणि सगळ्यात महाग म्हणजे सोबत येणाऱ्या माणसाचा खाडा. त्यांचा मुलगा गवंड्याच्या हाताखाली काम करतो. आठवड्यातले तीन दिवस तो आईबरोबर आला तर घरात उरलेल्या तीन दिवसांची मजुरी येते. म्हणून त्याचं येणं बंद झालं. आता त्या एकट्या येतात.

तिथल्या सोशल वर्कर मॅडमशी बोलले. एका धर्मादाय ट्रस्टचा रुग्ण-प्रवास निधी आहे, त्यात नेहमी खडखडाट. मग ठरवलं, तीस दिवसांत १२० किलोमीटर चालायचं, कसारा ते सीएसएमटी एवढं अंतर, आणि त्यावर पैसे गोळा करायचे. पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात, माझ्या खात्याला हातसुद्धा नाही. रोजचे चार किलोमीटर. शिवाजी पार्कची कट्ट्याबाहेरून एक फेरी सव्वा किलोमीटरला जरा कमी भरते, म्हणजे साधारण साडेतीन फेऱ्या. मार्चचा दुसरा गुरुवार हा जागतिक किडनी दिन, त्या दिवशी संपवायचं, असा मोठा शुभमुहूर्तसुद्धा काढला होता.

माझ्या डॉक्टरांना विचारूनच केलं. म्हणाले, चाला, पळू नका, धाप लागली की बसा. धाप लागतेच. रक्त तयार करायला सांगणारं हार्मोन किडनीत बनतं; किडनी थकली की हिमोग्लोबिनही खाली येतं. माझं ९.४ आहे. दुसऱ्या फेरीपर्यंत मी माणसांत असते, तिसऱ्या फेरीत उद्यान गणेशाजवळ आलं की नमस्काराच्या निमित्ताने थांबायचं. बाप्पाला गेल्या महिन्यात माझ्याकडून जेवढे नमस्कार मिळाले तेवढे दहावीच्या वर्षीही मिळाले नसतील.

आणि आता चिडचिड.

एका जुन्या सहकाऱ्याने लिहिलं, "रोज दहा हजार पावलं केलीस तर ५,००० देतो. चार किलोमीटर काय, माझी आईपण चालते." मी त्याला आईंना माझ्याकडून शाबासकी द्यायला सांगितलं. या दहा हजारांचं एवढं काय आहे मला कळत नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. आकडा तिथून चिकटला तो चिकटलाच. माझ्या फोनवर दिवसाला ५,७०० च्या आसपास पावलं पडत होती. नऊ-साडेनऊ हिमोग्लोबिनवर ती किती होतात ते त्याने एकदा पाठीवर गहू घेऊन चालून बघावं.

पण प्रश्न त्या एकाचा नाही. खिशात हात घालायच्या आधी आपल्याला समोरच्याचे हाल बघायचे असतात. दोघींनी मला मायेने सुचवलं, "हॉस्पिटलमधला एखादा फोटो टाक ना, लोक जास्त देतात." खरं असेल. मी टाकला नाही. त्या ताई सुया टोचून आडव्या पडलेल्या असताना त्यांचा फोटो काढायचा आणि त्यावर माझ्या चालण्याचा आकडा चिकटवायचा, हे मला जमणार नाही. मुंबईत सोमवारी रात्री लोक अनवाणी सिद्धिविनायकाला निघतात, कुणी त्यांना वेग विचारत नाही. वारीत पाय गेलेला म्हातारा दिंडीच्या ट्रकमध्ये बसून येतो, त्याचीही वारी होते. मग आजारी माणसाच्या चार किलोमीटरांनाच परीक्षक का लागतात?

मागण्याबद्दलही बोलायचंय. मी परळच्या चाळीत वाढले. गणपतीच्या आधी पावतीपुस्तक घेऊन आम्ही पोरं दारं वाजवायचो. कुणी दहा दिले तर "काका, गेल्या वर्षी एकवीस होते" म्हणायची हिंमत होती. लाज नावाची चीज नव्हती. तीच मी, पहिला मेसेज टाइप करून तीन दिवस फोनमध्ये ठेवला. बाप्पासाठी मागताना आपण मंडळाचे असतो. आजारी माणसाने आजारासाठी मागितलं की समोरच्याच्या डोळ्यांत वेगळंच काहीतरी येतं. सासूबाई म्हणाल्या, "चारचौघांत कळायला कशाला हवं?" कॉलेजच्या मैत्रिणीने ५,००० पाठवले आणि मागोमाग व्हॉइस नोट, "अगं, तुलाच लागत असतील तर सरळ सांग, आडून नको मागूस." ती प्रेमाने म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, हेही लिहून ठेवते.

उलट माणसंही भेटली. सोसायटीतल्या एका काकांनी यूपीआयवर ५०१ पाठवले. वरचा एक रुपया यूपीआयवरही सुटत नाही, याचा मला फार आनंद झाला. आतेभावाने ८०जीची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती मिळेल का विचारलं. मिळेल, पण नव्या कररचनेत तिचा तुला उपयोग नाही, हे मीच प्रामाणिकपणे सांगितलं. तरी दिले त्याने. पार्कबाहेरचा नारळपाणीवाला महिनाभर मला बघत होता. एके दिवशी त्याने शहाळं सोलून हातात ठेवलं, पैसे नको म्हणाला, "किडनीला चांगलं असतं ताई." नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. माझं आधीच ५.६, वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांशी खेळ. त्याला हे कसं सांगायचं? शेजारून चालणाऱ्या आजोबांना दिलं. ते खूश, तो जरा हिरमुसला.

(व्हॉट्सअॅपवर जवाचं पाणी, कोथिंबिरीचं पाणी, कुठल्याशा मुळीचा काढा पाठवणाऱ्या सर्वांना विनंती: माया पोचली, काढा नको.)

नवव्या दिवशी गुडघा धरला. दुसरं कुणी असतं तर केमिस्टकडून एक गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी चालायला लागलं असतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठाच कमी करतात, आम्हाला त्या बंद. बर्फ लावून दोन दिवस बसले. पुढे ताप आला, आणखी दोन दिवस. किडनी दिनाच्या दिवशी सगळीकडे पोस्टर पडले आणि माझे सोळा किलोमीटर बाकी होते. चार दिवस उशिरा, सोमवारी पूर्ण केले. पार्कात लाल माती उडत होती, पोरांची नेट प्रॅक्टिस चालू होती, कुणालाच काही पत्ता नव्हता.

जमले १,३८,४५१ रुपये. शेवटचा एक काकांचा. ट्रस्टने त्यातून सहा रुग्णांच्या सोबत्यांचा खाडा आणि जीप-टॅक्सीचा खर्च काही महिने द्यायचं कबूल केलंय. पुढचा हिशोब आला की इथेच टाकेन. सहाजणांत त्या ताई आहेत. त्यांचा मुलगा आता आठवड्यातून निदान एकदा बरोबर येतो.

एक गोष्ट मात्र पैशाने सुटणारी नाही. ट्रान्सप्लांटचं त्यांना विचारलं होतं. घरात कुणी देणारं नाही, म्हणाल्या. नवऱ्याला लागली असती तर मी दिली असती, हे अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. यावर वेगळी पोस्ट लिहीन, आज ताकद नाही.

परवा ओपीडीत त्यांना सगळं सांगितलं. तुमच्या कसाऱ्यापासून व्हीटीपर्यंत होईल एवढं मी चालले, महिनाभर, रोज थोडं थोडं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या पायांकडे बघितलं, सूज बघितली.

"चालत कशाला हो ताई," म्हणाल्या, "लोकल आहे ना."