खुलासा: पावाच्या यीस्टपासून घरी डिझेल बनत नाही

आमच्या दादरच्या सोसायटी ग्रुपवर काल मेसेज आला, पावाचं यीस्ट साखरपाण्यात आठवडाभर ठेवा, वर तेल तरंगेल, त्यात मिथेनॉल टाका की बायोडिझेल तयार. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते म्हणून सांगते, हे चुकीचं आहे. पावाचं यीस्ट साखरेपासून मुख्यतः अल्कोहोल बनवतं, तेल नाही.

तेल साठवणारी यीस्ट वेगळी, यारोविया लिपोलिटिका, लिपोमायसिस स्टार्कीई वगैरे. त्यांना साखर भरपूर आणि नायट्रोजन कमी मिळाला की वाढ थांबते आणि जास्तीची साखर चरबी होऊन साठते, सुक्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त, काहींत तर 60-70 टक्के, खरंच भारी गोष्ट आहे ही! पण ते तेल पेशीच्या आत असतं, पेशी फोडून काढावं लागतं, मग मिथेनॉल आणि कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) वापरून त्याचं बायोडिझेल आणि ग्लिसरीन होतं.

आणि मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात, जीवही जातो, वाफ विषारी, पेट पटकन घेतं, दहा बाय दहाच्या खोलीत गॅसशेजारी हे अजिबात करू नका.

प्लीज तो मेसेज फॉरवर्ड करणं थांबवा, आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.