व्हॉल्यूम वाढवून डास कानाशी येत नाही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. हेडफोनमध्ये डास खरंच कानाशी आल्यासारखा वाटायला हवा असेल, तर जवळच्या आवाजांची मोजणी, म्हणजे आवाज प्रत्येक कानात कसा पोचतो हे माइक लावून मोजणं, वेगळी करावी लागते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "आवाज जवळ आला की मोठा होतो, लांब गेला की लहान. व्हॉल्यूमचं बटण फिरवा, झालं काम. पुतळ्याच्या कानात माइक बसवणं ही प्रयोगशाळांची हौस आहे. आणि करायचंच असेल तर संगणकावर गणित करा, मोजता कशाला? हा खटाटोप नक्की कोणासाठी?"

बटणापासूनच सुरुवात करतो. बटण दोन्ही कानांतला आवाज सारखाच वाढवतं, आणि अडचण नेमकी तिथे आहे. डोकं म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा धरू. या विषयातले संशोधकही बहुतेक वेळा तोच धरतात. आवाज उजव्या कानाच्या रेषेत, डोक्याच्या मध्यापासून 1 मीटरवर असेल, तर उजवा कान त्याच्यापासून सुमारे 91 सेंमीवर असतो आणि डावा 109 वर. निव्वळ अंतरामुळे दोन्हींत दीड डेसिबलचा फरक पडतो. आता तोच आवाज 12 सेंमीवर आणा. उजवा कान सव्वातीन सेंमीवर, डावा जवळपास 21 वर. फरक 16 डेसिबल! डोकं मध्ये आडवं येतं, हे तर यात अजून धरलेलंच नाही.

डासाचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं होतं. त्याची गुणगुण काहीशे हर्ट्झची असते. 500 हर्ट्झला आवाजाची तरंगलांबी सुमारे 69 सेंमी, म्हणजे डोक्यापेक्षा कितीतरी मोठी. असा आवाज लांबून आला तर डोक्याला सहज वळसा घालतो आणि दोन्ही कानांत जवळजवळ सारखाच पोचतो. म्हणूनच भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये मांडलं, की खालच्या पट्टीतल्या आवाजांची दिशा आपल्याला दोन कानांमधल्या वेळेच्या फरकावरून कळते आणि वरच्या पट्टीतल्या आवाजांची पातळीच्या, म्हणजे मोठेपणाच्या, फरकावरून. लांबच्या आवाजांना हे लागू पडतं. हाताच्या अंतरावर मात्र नाही. ड्यूडा आणि मार्टेन्स यांनी 1998 मध्ये गोळ्याच्या गणितातून आणि ब्रंगार्ट व रॅबिनोविट्झ यांनी 1999 मध्ये केमार या, कानांत माइक बसवलेल्या पुतळ्यावर मोजून दाखवलं, की आवाज जवळ येतो तसा पातळीतला फरक खालच्या पट्टीतल्या आवाजांतही झपाट्याने वाढतो. वेळेचा फरक मात्र जवळपास होता तेवढाच राहतो. अगदी बाजूच्या आवाजाला तो साधारण 0.65 मिलिसेकंद असतो. वेळ तीच आणि खर्जातही पातळीची एवढी तफावत, हे फक्त जवळच्या वस्तूच्या बाबतीत घडतं. मेंदू ते ओळखतो. 1 मीटरवरची मोजणी घेऊन नुसता व्हॉल्यूम वाढवलात तर डास मोठा होईल, पण राहील मीटरभर लांबच.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. आवाज नाकासमोर असेल तर दोन्ही कान सारख्याच अंतरावर असतात, तफावत उरतच नाही, आणि तिथे आवाजाचा मोठेपणा व खोलीतला घुमारा यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते. मी सरसकट लिहिलं होतं, तसं लिहायला नको होतं.

आता गणिताबद्दल. गोळ्याला कर्णपाळी नसते. खऱ्या कानाच्या घड्या संगणकात उतरवायच्या तर डोक्याच्या पृष्ठभागाचे बारीक त्रिकोण पाडावे लागतात, तरंगलांबीच्या साधारण सहाव्या हिश्श्याचे. 16,000 हर्ट्झपर्यंत जायचं म्हणजे साडेतीन मिलिमीटरचे. हे आज करता येतं आणि मला ते फार आवडतं. पण आलेलं उत्तर बरोबर आहे का, हे ताडायला शेवटी मोजलेलंच काहीतरी हातात लागतं. मोजणीही सोपी नाही. नेहमीचा स्पीकर कानाशी नेला तर त्याचा आवाज एका बिंदूतून आल्यासारखा राहत नाही, डोक्यावरून परतलेला आवाज पुन्हा त्याच्यावर आपटतो. म्हणून कोणी अरुंद नळीतून आवाज सोडतात, तर पेकिंग विद्यापीठातल्या गटाने 2009 मध्ये विजेच्या ठिणगीचा आवाज वापरून 20 ते 160 सेंमीपर्यंत मोजलं. शिवाय जागा काटेकोर लागते. मीटरभर अंतरावर 1 सेंमी चुकलात तर डेसिबलचा दहावा हिस्साही हलत नाही. कानापासून 3 सेंमीवर तेवढंच चुकलात तर अडीच डेसिबल गेले.

खटाटोप कोणासाठी, याचं उत्तर माझ्या घरात आहे. बाबांच्या दोन्ही कानांत मशीन आहे. प्रत्येक मशीन आपापल्या कानातला मोठा आवाज दाबतं आणि लहान उचलतं, त्यामुळे दोन कानांमधली तफावत आक्रसते. वेळेचा फरक बराचसा तसाच राहतो. नात उजव्या बाजूने खुर्चीशी येऊन त्यांच्या कानात गुपित सांगते. शब्द त्यांना कळतात, बाजूही कळते. आणि ते मान वळवून तिला उजवीकडच्या दारात शोधतात.